आठ तारांचा सांधा

माझा स्वभाव तापट आहे हे अख्ख्या पवनीला ठाऊक आहे. कंप्यूटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला असला स्वभाव परवडत नाही, असं माझी बायको ललिता मला रोज ऐकवते. पण तुम्हीच सांगा. माणूस घाबऱ्याघुबऱ्या फोन करतो, "घनश्यामभाऊ, कंप्यूटर मेला." मी भर उन्हात जेवण सोडून जातो, आणि भिंतीवरचं बटणच बंद असतं. मग मला राग नाही येणार तर काय येईल?

म्हणून सोमवारी स्वातीवहिनींनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी जागचा हललो नाही. फोनवरूनच उपचार सांगितला. नेटचा डबा बंद करा, दहा मोजा, चालू करा. मंगळवारी आणि बुधवारीही तेच सांगितलं, फक्त दहाऐवजी वीस मोजायला लावले. गुरुवारी अकरा वाजता त्यांचा चौथा फोन आला. "भाऊ, आज दोनच्या आत नेट सुरू नाही झालं तं माहं इथलं काम गेलं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांचा आवाज रडका नव्हता, पण मला चैन पडेना. मी थैली उचलली आणि निघालो.

स्वातीवहिनी म्हणजे माझा शाळासोबती भूपेंद्र याची बायको. भूपेंद्र तुमसरला राइस मिलमध्ये सुपरवायझर आहे, आठवड्याला शनिवारी घरी येतो. घरी त्याचे वडील मधुकरराव, आई जानकीबाई, वहिनी आणि तिसरीतली रुचिका. मधुकरकाका जुने विणकर. कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी विणतात, आणि तिचा करवतीच्या दातांसारखा काठ असा पाडतात की नागपूरचे व्यापारी अजून त्यांच्या नावानं साडी मागतात. आमच्या गल्लीत एके काळी घरोघरी माग होता. आता दोन उरलेत, त्यातला एक त्यांचा.

वहिनी नागपूरच्या एका कंपनीसाठी दवाखान्यांचे कागद टाइप करतात. लॉकडाऊनमध्ये हे काम घरून सुरू झालं आणि तसंच चालू राहिलं. यंदा कंपनीनं सगळ्यांना नागपूरला बोलावून घेतलं. वहिनींनी हातापाया पडून घरूनच करण्याची परवानगी मिळवली, पण साहेबानं अट घातली की खाडा चालणार नाही. आता सलग तीन खाडे झाले होते. गुरुवारी दोनच्या पाळीला त्यांचं नाव पडद्यावर दिसलं नाही तर सोमवारपासून नागपूरच्या टेबलावर बसायचं, नाहीतर घरी बसायचं, असं साहेबानं सरळ सांगून टाकलं होतं.

खरं सांगतो, मला वहिनींचा हा हट्ट कळत नव्हता. नागपूर काही विलायतेत नाही. भूपेंद्र तर एका पायावर तयार होता, त्यानं तिकडे खोलीसुद्धा पाहून ठेवली होती. रुचिकाला शाळा चांगली मिळाली असती. जानकीबाईंनी स्वतः सुनेला सांगितलं होतं, की आम्ही दोघं म्हातारे आमचं पाहून घेऊ, तुम्ही जा. वहिनी फक्त नाही म्हणायच्या. का नाही, ते सांगायच्या नाहीत. भूपेंद्र माझ्यापाशी कुरकुरायचा आणि मीही त्याच्या हो ला हो मिळवायचो. लोक नागपूरसाठी जीव टाकतात आणि या बाईला पवनी सुटत नाही, असं मी स्वतःच्या तोंडानं बोललोय.

त्या घराच्या तीन खोल्या एकामागोमाग आहेत. बैठकीत नेटचा डबा, मधल्या खोलीत काकांचा माग, मागच्या खोलीत वहिनींचा कंप्यूटर. बैठकीपासून मागच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेकडेनं, मागाच्या खांबाला वळसा घालून, राखाडी रंगाची वायर गेलेली आहे. ती दोन वर्षांपूर्वी मीच टाकली. अखंड, मध्ये एकही जोड नाही. त्या कंप्यूटरला बिनवायरीचं नेट पकडत नव्हतं, आणि फोनवरचं नेट जोडून द्यावं तर कंपनीनं कंप्यूटरवर घातलेलं सुरक्षेचं कुलूप ते घेत नव्हतं. म्हणजे सगळी भिस्त त्या वायरीवर.

मी गेल्या गेल्या डबा पाहिला. दिवे हिरवे. माझ्या फोनवर नेट सुसाट. मग कंप्यूटरकडे गेलो, तर पडद्यावर एकच पालुपद, वायर लागलेली नाही. मी वायर काढली, फुंकली, लावली. लागलेली नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन काढली, लावली. लागलेली नाही. समोर लागलेली वायर दिसत असताना तो ठोंब्या मला सांगतो लागलेली नाही, म्हणजे मला खोटं पाडतो. माझं डोकं तापायला सुरुवात झाली.

टोकाचे प्लग खराब झाले असतील म्हणून मी दोन्हीकडचे कापून नवे बसवले. थैलीत तेवढे दोनच उरले होते. फरक पडला नाही. वायर कुठं उंदरानं कुरतडली असेल म्हणून मी गुडघ्यावर बसून बैठकीपासून मागच्या खोलीपर्यंत पूर्ण वायरीवरून बोट फिरवत गेलो. मधल्या खोलीत मधुकरकाका मागावर बसले होते. मी जवळ पोचल्यावर त्यांनी विणणं थांबवलं आणि मला वाट मिळावी म्हणून मागाखालच्या खड्ड्यात सोडलेले पाय वर घेतले. एरवी ते मला पाहिलं की चहा सांगतात, बापाची तब्येत विचारतात. त्या दिवशी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, माझ्या बडबडीला कंटाळले असतील. खांबामागून बोट गुळगुळीत पुढं गेलं. चीर नाही, दात नाही, काही नाही.

"वायर ठणठणीत आहे," मी जाहीर केलं. "कंप्यूटरच्या आतलं नेटचं कार्ड जळलं."

कार्ड भंडाऱ्याहून आणावं लागणार होतं, म्हणजे संध्याकाळ. वहिनी म्हणाल्या, संध्याकाळी आणून उपयोग काय? मग मी कार्डाचा प्रोग्राम काढून पुन्हा टाकायला बसलो. तुम्ही विचाराल, की घनश्याम, वायरीबद्दल एवढी खात्री कशी? तर वायर माझी होती म्हणून. दुसऱ्या कुणी टाकलेली असती तर मी पाच मिनिटांत तिला नावं ठेवली असती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी पुरे दोन तास घातला. जानकीबाईंनी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा मी तो गार करून प्यायलो.

एक वाजून वीस मिनिटं झाली. प्रोग्राम टाकून झाला होता आणि पडदा अजून तेच म्हणत होता. मी खुर्ची मागं सरकवली. माझ्या तोंडाकडे पाहून वहिनींना काय ते समजलं. त्यांनी साहेबाला फोन लावला, एक दिवस वाढवून मागितला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण वहिनींचं ऐकू आलं.

"हो सर. सोमवारी येते."

मधल्या खोलीतला खटखटाट बंद झाला. मधुकरकाका मागाच्या खड्ड्यातून उठून दारात येऊन उभे राहिले. बनियनवर धाग्यांचे तुकडे तसेच. सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घनश्याम, वायर पाह्य."

मी म्हणालो, काका, वायर मी बोटाबोटानं पाहिली.

"तुले दिसणार नाई. दिसला तं मंग तो सांधा कायचा."

मग त्यांनी जे सांगितलं ते उभ्या उभ्याच सांगितलं. सोमवारी सकाळी मागाच्या पावडीची, म्हणजे पायानं दाबायच्या फळीची, दोरी झिजली होती म्हणून ते खाली वाकून कातरीनं कापत होते. अंदाजानंच. दोरीबरोबर ही वायरही कापली गेली. विणकरांत एक रीत आहे, ज्याच्या हातून धागा तुटला त्यानंच तो सांधायचा, दिवेलागणीच्या आत सांधायचा, आणि त्याबद्दल बोलायचं नाही. काकांनी वायरीच्या आत पाहिलं तर आठ धागे. आठ म्हणजे त्यांना काय? जन्मभर हजारो धागे सांधलेत. बोटांना राख लावून आठही सांधले, वरून धागा गुंडाळला, खळ लावून वाळवली, पुन्हा राख चोळली आणि वायर खांबामागं होती तशी बसवली.

"नेट बंद आहे म्हून सून म्हने, तं मले वाटे दुसराच काई बिघाड असन. माहा सांधा आजवर कधी सुटला नाई. पन आज तू येवढं सारं तपासलं..." काका थांबले. "सांधा पक्का आहे. रंग चुकला असन. मले रंग दिसत नाई आता."

जानकीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.  काकांचं हे बोलणं साधं नव्हतं. भूपेंद्रनं संक्रांतीलाच सर्वांसमोर सांगितलं होतं, की ज्या दिवशी बाबांचे डोळे साथ देणार नाहीत त्या दिवशी माग उतरवायचा आणि ती खोली भाड्यानं द्यायची. काका तेव्हा हसून म्हणाले होते, अजून सुईत दोरा ओवतो मी. म्हणजे तेव्हाही खोटंच बोलत होते.

"काका, रंग दिसत नाहीत तर सांधायला बसलेच काहून?" मी विचारलं. थोडं रागानंच विचारलं, ते मला आजही खटकतं.

"साडीचा काठ विणतो ना मी. पाच रंगाचा काठ. सहा महिने झाले, सारं धुकट दिसते, तरी एक रंग इकडचा तिकडं नाई झाला. व्यापाऱ्यानं एक साडी परत नाई केली. मंग मले वाटलं, डोये गेले तं गेले, माहा हात रंग वळखते. त्याच भरोशावर तारा बी सांधल्या."

मी खांबामागं बॅटरी मारली. दाखवल्यावरही तो सांधा मला दिसेना, शेवटी काकांनीच माझं बोट धरून त्यावर ठेवलं. उलगडला आणि मी चाटच पडलो. आठही जोड केसाएवढे बारीक, एकाच मापाचे, ओढले तरी न हलणारे. आमच्या धंद्यात असं काम मी पाहिलेलं नाही. फक्त निळी हिरव्याला गेली होती, नारिंगी तपकिरीला, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पांढऱ्या चार तारांची तर पार खिचडी झाली होती. नेटच्या वायरीला याची तार त्याला लागलेली मुळीच चालत नाही.

एक पस्तीस. नवी वायर टाकावी तर प्लग संपलेले, दुकानात जाऊन येण्यात वीस मिनिटं जाणार. सांधा सोडवून पुन्हा नीट जोडणं एवढाच मार्ग होता. मी पक्कड घेऊन बसलो. पहिली तार सोलताना तोडली. पुन्हा सोलली, पुन्हा तोडली. हात घाईत असला की माझी बोटं केळ्यांसारखी होतात. तारेचं टोक आखूड आखूड होत चाललं होतं आणि मी तारेला शिव्या देत होतो.

"हट बाजूले," काका म्हणाले.

ते माझ्या जागी मांडी घालून बसले. त्यांच्या शेजारी वहिनी येऊन बसल्या. वहिनी दोन टोकं शोधायच्या, काकांच्या बोटांत द्यायच्या आणि म्हणायच्या, हा हिरवा, हा पण हिरवा. काका नखानं तार सोलायचे, पीळ द्यायचे, की झालं. तिसऱ्या तारेपासून वहिनींनी रंग सांगणंही सोडून दिलं. नुसती जोडी पुढं करायच्या, आणि काका न बघता हात पुढं करून घ्यायचे. दोघांचा हात असा जुळला होता की मी बॅटरी धरून नुसता पाहत बसलो. माझा एवढाच उपयोग होता. प्रत्येक जोडावर मी चिकटपट्टीचा तुकडा लावत गेलो, तेवढं मला जमलं.

एक सत्तावन्नला आठवी तार झाली. मी धावत मागच्या खोलीत गेलो. कंप्यूटरच्या पाठीमागचा दिवा हिरवा झाला आणि लुकलुकायला लागला. मी आजवर हजार वेळा तो दिवा पाहिला असेल, पण त्या दिवशी मी त्याला हात जोडले. वहिनी खुर्चीत बसल्या, परवलीचा शब्द टाकला, तो चुकला, पुन्हा टाकला. दोनला एक मिनिट कमी असताना पडद्यावर त्यांचं नाव आलं. साहेबाचा एका ओळीचा निरोपही आला, की ठीक आहे, सोमवारी यायची गरज नाही.

जानकीबाईंनी पदरानं डोळे पुसले. मी थैली भरायला घेतली. मधुकरकाका मात्र दारातच उभे होते.

"आता भूपेंद्रले फोन लावा," ते म्हणाले. "माग उतरवाले मानूस घेऊन ये म्हना. ज्याले आठ तारांचे रंग समजले नाई त्यानं काठ कायले विनाचा?"

   भूपेंद्र माझा मित्र, पण त्या क्षणी मला त्याचा फोन लागू नये असंच वाटत होतं.

वहिनींनी कानावरचा हेडफोन काढला आणि खुर्ची सासऱ्यांकडे वळवली.

"मामाजी, काठ चुकणार नाई."

"तुले काय मालूम?"

"तुमच्या धाग्याच्या कांड्या मीच भरते ना. पयले मी टोपलीत तशाच टाकत होती. पौषात एक दिवस तुमी हिरव्याच्या जागी निळी घेतली. मी पाह्यलं. तुमी जेवाले उठले तवा मी तेवढं उसवून बरोबर करून ठेवलं. तवापासून रोज, तुमी बसाच्या आधी, कांड्या टोपलीत ओळीनं लावून ठेवते. लाल, मंग हिरवी, मंग पिवळी. तुमी डावीकडूनच उचलता, जन्माची सवय आहे तुमची. म्हून चुकत नाई."

काकांनी दाराची चौकट धरली. सहा महिने ज्या हाताच्या भरवशावर ते जगत होते, तो हात त्यांनी डोळ्यांसमोर धरून पाहिला. 

"हात तुमचाच आहे, मामाजी," वहिनी घाईनं म्हणाल्या. "वीण तुमची, दात तुमचे. मी नुसती ओळ लावते."

"अन् तू नागपूरले गेली असती तं?"

"म्हून तं जात नव्हती."

 मला माझेच शब्द आठवले, पवनी सुटत नाही वगैरे, आणि लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मी खाली वाकून वायरीच्या साली वेचायला लागलो. जानकीबाई सुनेकडे पाहतच राहिल्या. नवऱ्याच्या शेजारी आयुष्य काढलं आणि त्याला दिसत नाही हे त्यांना कळलं नव्हतं, सुनेला कळलं होतं.

 काका म्हणाले, "सहा महिने झाले, एका शब्दानं बोलली नाई."

"तुमी तरी कुठं बोलले," वहिनी म्हणाल्या.

कंप्यूटरनं टिंग केलं. पहिली फाइल आली होती. वहिनींची नजर पडद्याकडे गेली आणि पुन्हा सासऱ्याकडे आली. काकांनी हातानंच तिला काम कर अशी खूण केली आणि वळले. दोन पावलं गेले, थांबले.

"मोतीबिंदूच असन म्हनतो मी. डोयाच्या शिबिरात अर्ध्या तासात काढून देतात म्हने." ते भिंतीकडे पाहून बोलत होते. "रविवारी तुले सुट्टी रायते ना? भंडाऱ्याले माह्यासंगं चालशीन?"

"चालते," वहिनी म्हणाल्या, आणि हेडफोन लावून टाइप करायला लागल्या.